ओपीएनसेन्स: पंधरा मिनिटांचे इन्स्टॉलेशन आणि दोन दिवसांची शोधाशोध

साताऱ्यातील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर ‘संगणकातले कळणारा सदस्य’ म्हणून मी काही वर्षे काम पाहतो. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी साठ खुर्च्यांची अभ्यासिका आहे आणि खाली कार्यालयात चार संगणक व एक प्रिंटर आहे. हे सर्व इंटरनेट कंपनीने भिंतीवर लावून दिलेल्या एकाच डब्यावर चालत असे. त्यामुळे दुपारी वर व्याख्यानांचे व्हिडिओ सुरू झाले की खाली देवघेवीचे पान उघडायला मिनिट लागे, आणि त्याहून गंभीर बाब म्हणजे वरच्या कोणत्याही मोबाइलवरून खालच्या संगणकांपर्यंत पोहोचता येत असे. दोन्ही नेटवर्क वेगळी करणे आवश्यक होते. तयार फायरवॉल यंत्राचा (नेटवर्कमध्ये काय आत-बाहेर जाईल ते ठरवणाऱ्या पहारेकरी यंत्राचा) भाव ऐकून मंडळाने हात आखडता घेतला, तेव्हा माळ्यावर पडलेला जुना डेस्कटॉप झाडून पुसून त्यावर ओपीएनसेन्स हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसवण्याचे ठरले. त्या इन्स्टॉलेशनच्या अनुभवावर हा अभिप्राय लिहीत आहे. यात सॉफ्टवेअरच्या सगळ्या सोयींची जंत्री नाही. ते बसवताना नेमके कोठे अडते आणि अडल्यावर ते स्वतः किती साथ देते, एवढेच पाहिले आहे.

ओपीएनसेन्सचे घराणे थोडे सांगितले पाहिजे, कारण शोधाशोध करताना त्याचा संबंध येतो. मॅन्युएल कॅस्पर यांनी २००३ साली एम०एन०वॉल हे फायरवॉल सॉफ्टवेअर आणले, त्यातून २००४ मध्ये पीएफसेन्स निघाले आणि पीएफसेन्समधून जानेवारी २०१५ मध्ये नेदरलँड्समधील डेसिसो या कंपनीने ओपीएनसेन्स वेगळे काढले. त्याच वर्षी फेब्रुवारीत एम०एन०वॉलचे काम थांबले आणि कॅस्पर यांनी आपल्या वापरकर्त्यांना ओपीएनसेन्सकडे जाण्याचा सल्ला दिला. तिन्हींच्या तळाशी फ्रीबीएसडी ही संगणकप्रणाली आहे. या भावकीमुळे एखादी अडचण शोधली असता समोर येणारे उत्तर पुष्कळदा चुलत्याच्या घरचे, म्हणजे पीएफसेन्सचे असते. तत्त्व तेच असले तरी मेनू निराळे असतात आणि सांगितलेले बटण आपल्याकडे सापडत नाही. उत्तर कोणत्या सॉफ्टवेअरचे आणि कोणत्या वर्षाचे आहे हे आधी पाहण्याची सवय लावून घेतली, तर बराच वेळ वाचतो. ओपीएनसेन्सच्या मोठ्या आवृत्त्या दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत येतात व त्यांचा क्रमांक म्हणजे वर्ष आणि महिना असतो, त्यामुळे हे ताडणे सोपे जाते. मी बसवली ती आवृत्ती २५.७ होती.

पहिली अडचण डाउनलोडच्या पानावरच उभी राहते. तेथे डीव्हीडी, व्हीजीए, सीरियल आणि नॅनो अशा चार प्रकारच्या प्रतिमा (पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर जशाच्या तशा उतरवायच्या फाइली) दिसतात आणि ‘व्हीजीए’ या नावावरून नवख्या माणसाचा समज असा होतो, की हे जुन्या मॉनिटरसाठी असावे. प्रत्यक्षात पेनड्राइव्हवरून, पडदा व कीबोर्ड जोडून बसवायचे असेल तर हीच प्रतिमा घ्यायची असते. सीरियल प्रतिमा ज्या यंत्रांना पडद्याची जोडणीच नसते त्यांच्यासाठी आहे. ती घेतली, तर सुरुवातीच्या काही ओळी दिसून पडदा गोठल्यासारखा होतो. यंत्र आत व्यवस्थित चालू असते, परंतु त्याचे सर्व बोलणे सीरियल पोर्टकडे, म्हणजे पडद्याऐवजी केबलवरून मजकूर पाठवणाऱ्या जोडणीकडे, चाललेले असते. माझ्या मदतीला आलेल्या तरुण सहकाऱ्याने नेमकी हीच प्रतिमा उतरवली होती आणि अर्धा तास आम्ही रॅम काढून घालत बसलो होतो.

पेनड्राइव्ह तयार झाल्यावर बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) जाऊन सिक्युअर बूट (केवळ सही केलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) बंद करावे लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, की काही जुन्या मदरबोर्डवर पेनड्राइव्ह वेळेत ओळखला जात नाही आणि बूट होता होता यंत्र ‘माउंटरूट’ असा शब्द दाखवून थांबते. हा शब्द पाहून पेनड्राइव्ह बिघडला असे समजू नये. तेथे प्रश्नचिन्ह टाइप करून एंटर दाबले, की यंत्राला त्या क्षणी कोणकोणत्या डिस्क दिसतात याची यादी मिळते. यादीत पेनड्राइव्ह नसेल तर तो निळ्या यूएसबी ३ पोर्टमधून काढून काळ्या यूएसबी २ पोर्टमध्ये लावावा. आमचे काम एवढ्यावरच झाले.

यानंतर जे समोर येते ते इन्स्टॉलेशन नसते, आणि येथे चांगले जाणकारही फसतात. पेनड्राइव्हवरून ओपीएनसेन्स थेट चालू होते, जोडलेल्या यंत्रांना आयपी पत्ते (नेटवर्कवरील ओळखक्रमांक) वाटते, फायरवॉल म्हणून कामही करू लागते. ‘रूट’ या नावाने आत शिरलेल्या माणसाला वाटते की झाले बसवून. तो ब्राउझरमधून सगळी मांडणी करतो, पेनड्राइव्ह काढतो आणि पुन्हा सुरू केल्यावर डिस्क रिकामी निघते. डिस्कवर बसवण्यासाठी ‘इन्स्टॉलर’ या नावानेच आत जावे लागते. त्या वेळचा पासवर्ड ‘ओपीएनसेन्स’ असतो. ही सूचना पडद्यावर लिहिलेली असते हे खरे, परंतु ती इतक्या ओळींच्या गर्दीत असते की डोळा तिच्यावर ठरत नाही.

इन्स्टॉलर साधा आहे. डिस्कची रचना निवडताना यूएफएस आणि झेडएफएस असे दोन पर्याय येतात. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे मी झेडएफएसचाच आग्रह धरीन. लिहिणे चालू असताना अचानक वीज गेली तरी झेडएफएसमधील माहिती अर्धवट अवस्थेत राहत नाही; यूएफएस मात्र पुढच्या वेळी तपासणी मागते आणि क्वचित त्या तपासणीतच अडून बसते. झेडएफएस घेतल्यावर एकच डिस्क असल्यास ‘स्ट्राइप’ निवडायचे आणि पुढच्या चौकटीत डिस्कच्या नावावर थांबून स्पेसबार दाबायचा. हा स्पेसबार महत्त्वाचा आहे. सवयीने थेट एंटर दाबले, तर पुरेशा डिस्क निवडल्या नाहीत, किमान एक हवी, अशा अर्थाचा संदेश येतो आणि समोर डिस्कचे नाव लखलखीत दिसत असताना यंत्र ‘डिस्क नाही’ का म्हणते हे कळत नाही. नावाआधीच्या कंसात फुली उमटली की मग एंटर. तेथून शेवटपर्यंत, आमच्या चार जीबी रॅमच्या आणि जुन्या एसएसडीच्या यंत्रावर, घड्याळ लावून पंधरा मिनिटेही लागली नाहीत.

खरी कसोटी यानंतर सुरू झाली. ओपीएनसेन्स आतल्या बाजूला १९२.१६८.१.१ हा पत्ता स्वतःकडे घेते. आमच्या भिंतीवरच्या डब्याचाही पत्ता तोच होता. बाहेरच्या पोर्टलाही त्याच मालिकेतला पत्ता मिळाला आणि आतल्या पोर्टलाही तीच मालिका, म्हणजे एकाच वाड्याच्या दोन्ही दारांवर एकच घरक्रमांक लागला. अशा वेळी आलेले पॅकेट (माहितीचा तुकडा) कोणत्या दाराने पाठवायचे हे फायरवॉलला ठरवता येत नाही. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला तर कधी डब्याचे पान उघडे, कधी काहीच उघडत नसे, आणि सहकाऱ्याचे मत सॉफ्टवेअर बिघडल्याचे झाले. उपाय कन्सोलवर, म्हणजे यंत्राला थेट जोडलेल्या पडद्यावर, दोन मिनिटांचा आहे. मेनूतील २ क्रमांक दाबून आतल्या पोर्टचा पत्ता बदलायचा, आम्ही १९२.१६८.५०.१ केला.

या ठिकाणी एका गैरसमजाची दखल घेतली पाहिजे. बाहेरच्या पोर्टच्या मांडणीत ‘खासगी नेटवर्क अडवा’ अशी एक खूण असते. फायरवॉलच्या पुढे दुसरा राउटर असला की ही खूण काढल्याशिवाय इंटरनेट चालत नाही, असे पुष्कळ जण ठामपणे सांगतात. ते बरोबर नाही. ती खूण बाहेरून आत येऊ पाहणाऱ्या, खासगी मालिकांतील (म्हणजे आतल्या नेटवर्कसाठी राखलेल्या) पत्त्यांनी सुरू केलेल्या जोडण्या अडवते. आतून बाहेर गेलेल्या विनंतीचे उत्तर ती अडवत नाही. भिंतीवरच्या डब्याच्या बाजूने फायरवॉलपर्यंत मुद्दाम पोहोचायचे असेल तेव्हाच ती काढावी लागते. आम्ही ती काढली, काही फरक पडला नाही, आणि पुन्हा लावली.

पत्ते निराळे झाल्यावरही पाने उघडेनात. येथे मला या सॉफ्टवेअरचा सर्वांत आवडलेला भाग सांगायचा आहे, तो म्हणजे कन्सोलचा काळा पडदा व त्यावरचा शून्यापासून तेरापर्यंतचा मेनू. ब्राउझरमधील देखणी पाने नेटवर्क चालू असेल तरच उपयोगी. अडचणीच्या वेळी मॉनिटर-कीबोर्ड जोडून या पडद्यापुढे बसावे. ७ क्रमांकाने पिंग करता येते, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येते का ते पाहता येते. गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावरून उत्तर आले, म्हणजे तार, डबा आणि वाट ठीक होती. नाव टाकून पिंग केले तर उत्तर नाही, म्हणजे नावाचा पत्ता शोधून देणारी सेवा अडली होती. ८ क्रमांकाने शेल (आज्ञा टाइप करण्याची जागा) उघडून सहज तारीख विचारली, तर यंत्र म्हणाले १ जानेवारी २०१२.

माळ्यावर पडून पडून मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता आणि घड्याळ मूळपदावर गेले होते. सुरुवातीच्या मांडणीत मी डीएनएससेकची, म्हणजे नावांच्या उत्तरांवरील सह्या तपासण्याची, खूण उत्साहाने केली होती. त्या सह्यांना मुदत असते. २०१२ मध्ये वावरणाऱ्या यंत्राला आजच्या सह्या अजून सुरूच न झालेल्या वाटतात, म्हणून ते प्रत्येक उत्तर नाकारते. घड्याळ दुरुस्त करायला वेळ सांगणाऱ्या सर्व्हरकडे जावे, तर त्या सर्व्हरचेही नावच दिलेले असते आणि नाव तर सुटत नाही, म्हणजे नावावरून पत्ता मिळत नाही. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रेही याच कारणाने नाकारली जातात, त्यामुळे अपडेटही होत नाही. घड्याळ चुकले म्हणून नाव सुटेना आणि नाव सुटेना म्हणून घड्याळ सुधारेना, हे चक्र हाताने तोडावे लागते. शेलमध्ये तारीख व वेळ बरोबर घातली आणि नावे सोडवणारी सेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा पहिले पान उघडले. मग राजवाड्याजवळच्या घड्याळाच्या दुकानातून सीआर२०३२ क्रमांकाचा चाळीस रुपयांचा सेल आणून बसवला. जुन्या यंत्रावर ओपीएनसेन्स बसवणाऱ्याने स्क्रू-ड्रायव्हर हातात असतानाच हा सेल बदलून टाकावा. ब्राउझरच्या पानावर मात्र या साऱ्या काळात घड्याळाविषयी डोळ्यात भरेल अशी एकही सूचना मला दिसली नाही, हा मी या सॉफ्टवेअरचा उणेपणा मानतो.

नेटवर्क कार्डांविषयी थोडक्यात. मदरबोर्डवरच्या पोर्टखेरीज आणखी दोन पोर्ट हवे होते, म्हणून पुण्याहून सर्व्हरमधून काढलेले, इंटेल चिपचे, दोन पोर्टांचे जुने कार्ड १,८०० रुपयांना मागवले. फ्रीबीएसडीवर इंटेलची कार्डे सहसा निमूट चालतात. पोर्टांना मागे नावे लिहिलेली नसतात, तेव्हा कोणते कोणते हे ओळखण्याची सोपी रीत अशी, की कन्सोलकडे पाहत एकेक केबल उपसावी. ज्या पोर्टची केबल निघाली त्याचे नाव आणि जोडणी तुटल्याची ओळ लगेच पडद्यावर उमटते. मदरबोर्डवरचा पोर्ट मात्र जोराचे डाउनलोड सुरू झाले की काही सेकंद मूर्च्छित पडत असे. चिप कोणाची ते लिहीत नाही. अशा काही चिपांसाठी त्यांच्या उत्पादकाचा स्वतंत्र ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) ओपीएनसेन्सच्या प्लगइनच्या, म्हणजे वरून जोडायच्या भागांच्या, यादीत मिळतो; तो घालून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर हा त्रास थांबला.

इंटरनेट कंपनीकडून डबा ब्रिज करून घेण्याचा (म्हणजे त्याला नुसता दुवा ठेवून जोडणीचे काम फायरवॉलकडे देण्याचा) प्रसंगही लिहिण्याजोगा आहे. ब्रिज झाल्यावर पीपीपीओईचे (कंपनीच्या यंत्रणेत लॉग-इन करण्याच्या पद्धतीचे) नाव व पासवर्ड फायरवॉलमध्ये घालायचे असतात. ते घातले, जोडणी होईना. ग्राहकसेवेतील मुलगा सौजन्याने म्हणाला, “सर, आमच्याकडून सगळं ओके दिसतंय.” आमच्याकडून मात्र काहीच दिसत नव्हते. शेवटी लक्षात आले की त्यांच्या यंत्रणेत जुन्या डब्याचा मॅक पत्ता (नेटवर्क यंत्राला कारखान्यात मिळालेला क्रमांक) नोंदलेला होता आणि दुसऱ्या कोणत्याही पत्त्याला दार उघडत नव्हते. ओपीएनसेन्समध्ये बाहेरच्या पोर्टच्या पानावर मॅक पत्त्याची एक रिकामी चौकट असते. तीत डब्याच्या तळाला चिकटवलेल्या पट्टीवरचा पत्ता अक्षर न चुकवता लिहिला आणि जोडणी झाली. फोन करण्याआधी ती पट्टी वाचली असती तर एक दुपार वाचली असती.

तिसरा पोर्ट अभ्यासिकेचा. तो सुरू केला, वायफायचे यंत्र जोडले, आणि मोबाइलला पत्ताच मिळेना. याचे कारण पत्ते वाटणाऱ्या सेवांच्या गर्दीत आहे. आयएससी या संस्थेने आपल्या जुन्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या, सर्व्हरचा विकास २०२२ साली थांबवला, तेव्हापासून ओपीएनसेन्स दुसऱ्या सेवांकडे सरकत आहे. २५.७ च्या मेनूत आयएससी, केया आणि डीएनएसमास्क अशा तिन्ही सेवा एकाखाली एक दिसतात. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये डीएनएसमास्क चालू असतो. माझ्या सहकाऱ्याने पत्त्यांचा पट्टा केयाच्या पानावर भरला होता. पट्टा योग्य पानावर गेल्यावर पत्ता मिळाला, पण पान तरीही उघडेना, कारण नव्या पोर्टवर परवानगीचा एकही नियम नसतो आणि नियम नाही म्हणजे सर्व बंद. पहिल्या आतल्या पोर्टला ‘सगळे जाऊ द्या’ हा नियम जन्मजात मिळालेला असतो, म्हणून माणूस दुसऱ्याकडूनही तीच अपेक्षा करतो. फायरवॉलने असेच वागले पाहिजे, याबद्दल माझी तक्रार नाही. तीन सेवांच्या बाबतीत मात्र, सध्या चालू कोणती आहे हे मेनूतच ठळक दाखवले असते तर बरे झाले असते. आम्ही अभ्यासिकेच्या पोर्टवर आधी कार्यालयाकडे जाण्यास मनाई करणारा आणि त्याखाली बाकी सर्व मोकळे करणारा, असे दोन नियम लिहिले. क्रम उलटा झाला तर पहिलाच नियम लागू होऊन मनाईपर्यंत गाडी पोहोचतच नाही.

नियम लिहिता लिहिता स्वतःलाच बाहेर कोंडून घेण्याची भीती अनेकांना असते. पहिल्या आतल्या पोर्टवर ही सोय आधीपासून केलेली आहे: त्या बाजूने मांडणीच्या पानापर्यंत जाण्याचा मार्ग चुकीच्या नियमानेही बंद होत नाही. तरीही काही बिनसले तर कन्सोलवर १३ क्रमांकाने आधीची मांडणी परत आणता येते. प्रत्येक बदलाची जुनी प्रत यंत्र स्वतःच ठेवते, ही सोय मला दोनदा उपयोगी पडली. सगळी मांडणी एकाच एक्सएमएल फाइलमध्ये असते. ती पेनड्राइव्हवर काढून ठेवली तर यंत्र बदलले तरी नव्या यंत्रावर बूट होताना ती वाचून घेता येते.

सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. डेसिसो सशुल्क व्यावसायिक आवृत्तीही देते, पण ग्रंथालयासारख्या जागेला तिची गरज मला वाटली नाही. कार्ड, सेल आणि एक लहान स्विच मिळून मंडळाचा खर्च तीन हजारांच्या आत राहिला. मात्र आयपी पत्ता, सबनेट, डीएनएस हे शब्द ज्याला पहिल्यांदाच ऐकायचे आहेत, त्याने कोणी जाणकार शेजारी बसल्याशिवाय यात पडू नये. अधिकृत मार्गदर्शिका नीटनेटकी आहे, परंतु ती वाचणाऱ्याला नेटवर्कची ओळख आहे असे धरून चालते, आणि काही चुकले तर काय पाहावे यापेक्षा सर्व बरोबर असेल तर काय करावे हेच तीत अधिक आहे. ज्याला घरच्या चार मोबाइलसाठी वायफाय हवे आहे, त्याला बाजारातला साधा राउटर पुरेसा आहे.

पाचपैकी मी चार गुण देतो. कापलेला गुण डीएचसीपीच्या तीन पानांसाठी आणि न बोलणाऱ्या घड्याळासाठी. यंत्र आता कार्यालयातील लोखंडी कपाटावर, यूपीएसला जोडून ठेवले आहे. त्याच्या बाजूला ग्रंथपाल बाईंनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे, त्यावर २, ७, ८ आणि १३ हे चार आकडे व त्यांपुढे प्रत्येकाचा उपयोग लिहिलेला आहे. गेल्या महिन्यात मी परगावी असताना इंटरनेट गेले, तेव्हा त्यांनी फोनवर सांगितले, “सात दाबून पाहिलं. आकड्याला उत्तर येत नाही, म्हणजे आपलं यंत्र नाही, लाइनच गेलीये. कंपनीला कळवलंय.”